खिंडीतलं बोलणं

वेगवान गाडीत माझ्यासमोर एक तरुण बसला होता. मोबाईल खिडकीशी टेकवून तो हातवाऱ्यांनी बोलत होता आणि पडद्यावरची त्याची बायकोही तशीच उत्तरं देत होती. दोघांनाही ऐकू येत नाही, हे मला जरा उशिराच कळलं.

पुढे खोल खिंड होती. तिथे फोन हमखास तुटायचा. आपला आवाज तुटक आला तरी अंदाजाने समजतं. यांचं चित्र थिजलं तर बोलणंच संपणार.

माझी मुलगी मृण्मयी शेजारीच होती. तिने आणि तिच्या सोबत्यांनी याच खिंडीत रुळांकडेला सपाट फलक उभे केलेत. टॉवरकडून आलेल्या लहरी ते धावत्या गाडीकडे वळवतात आणि गाडी सरकेल तशी दिशा बदलतात. "फळ्या ठोकायला एवढं शिकलीस?" असं मीच तिला एकदा म्हटलं होतं.

खिंड आली. बाहेर काळा कातळ सरकत राहिला. बायकोने तान्हं बाळ पडद्यासमोर धरलं, तसा तो तरुण हसला आणि पुन्हा बोलू लागला. खिंड कधी मागे पडली, त्याला कळलंही नाही. किती कामं अशी असतात, नीट झाली की दिसतच नाहीत.

"सांग ना त्याला, तू केलंयस म्हणून," मी पुटपुटले.

"कशाला, आई? बोलू दे त्याला."

थोड्या वेळाने पलीकडच्या बाईंनी सहज विचारलं, "मुलगी काय करते तुमची?"

मी सावरून बसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.