वेठीची शेवटची पाळी

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात निजामाच्या अमलात वेठ होती. दौऱ्यावरचा अधिकारी आला की ज्या घरची पाळी असेल त्यानं सामान न्यायला बैलगाडी द्यायची. मोबदला नाही आणि नकार देण्याची सोयही नाही. रब्बीच्या पेरणीत पाळी आली की पाभर असेल तिथं थांबायची आणि बैल परत येईपर्यंत जमिनीतली ओल उडून जायची. चुलत्यांच्या रस्त्याकडेच्या शेतात दोन वर्षं असा एक पट्टा रिकामा राहिला होता.

निजामाचं राज्य संपल्यानंतरची ती पहिली पेरणी. इंग्रजांना देश सोडून वर्ष उलटलं होतं. निजामाच्या पाटबंधारे खात्यातला एक इंग्रज इंजिनियर मात्र कामाचा ताबा देईपर्यंत जिल्ह्यात थांबला होता. तुळजापूरला जाताना मागच्या गावच्या गाडीनं त्याला आमच्या चावडीपुढं उतरवलं आणि ती परत फिरली. त्यानं काही मागण्याआधीच पाटलांनी जुन्या सवयीनं चुलत्यांना निरोप धाडला : पाळी तुमची, गाडी जुंपा.

चुलते पाभर हाकत होते, चुलती चाड्यावर मूठ धरून ज्वारी सोडत होती. सोलापूरहून सुट्टीला आलेला मी बियाणं पोचवत होतो. निरोप ऐकूनही पाभर थांबली नाही, म्हणून पाटील स्वतः बांधावर आले. मागोमाग साहेब.

"साहेब खोळंबलेत. पाळी तुमची हाय."

"पाळी लावणारं राज गेलं, पाटील. तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

"मला लिवून कुठं आलंय तसं?" पाटलांनी आवाज खाली घेतला. "हळू बोला. साहेबाला मराठी कळतं."

"बरं झालं. दोनदा सांगाय नको."

साहेबानं विचारलं, "गाडी कब मिलेगी?"

"आज पेरणी हाय. गाडी न्हाय मिळायची."

वर्षापूर्वी या उत्तराला चावडीवर चाबूक मिळाला असता. साहेबानं पाटलांकडं पाहिलं. पाटील बैलांकडं पाहत राहिले. मागं शिपाई नव्हता. साहेब बांधाच्या कडेपर्यंत आला आणि मराठीत म्हणाला, "पेरणी झाल्यावर तुम्ही याल का?"

चुलत्यांनी तेव्हा पहिल्यांदा बैल थांबवले.

"आता इचारलंत. येतो की. पर आधी ही तासं पुरी हुतील, मग बैलं पाणी पितील."

"बसा साहेब तवर," चुलती म्हणाली. "आमचं वावर दोन वरसं बसलंय तुमच्यापायी."

साहेब बांधावर बसला. पाटीलही बसले, थोडं अंतर ठेवून. शेवटचं तास रस्त्याला भिडलं तेव्हा ऊन कललं होतं. बैलांनी पाणी पिऊन वैरणही खाल्ली. मग गाडी जुंपली.

चावडीपुढं साहेबाची लोखंडी पेटी होती. चुलत्यांनी एक कडी धरली आणि उभे राहिले. पाटील लगबगीनं पुढं झाले.

"ऱ्हाऊ द्या, पाटील. त्यांची पेटी हाय."

दुसरी कडी साहेबानं धरली.

त्या वर्षी रस्त्यापासून विहिरीपर्यंत ज्वारी सलग उगवली. चुलती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारायची, "मोकळा पट्टा दिसतो का कुठं?" कुणालाच दिसला नाही.