लिफ्टच्या पायथ्याशी लागलेली झोप

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जर्मनीतली एक गोष्ट फार आवडली होती. "इथली माणसं अगत्याची हो. काहीही विचारा, 'या, या' म्हणतात." अहो, ते 'या' म्हणजे नुसतं 'हो' आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना कळलंही होतं. पण सत्तरीला टेकलेला मराठी कान, तो कसला ऐकतोय!

त्या उन्हाळ्यात मी पार पिचले होते. नवरा कामासाठी झिंडेलफिंगेनला, घरी शनिवार-रविवारचा पाहुणा. ब्राउनश्वाइगच्या तीन खोल्यांत मी, मुलगी, सासू-सासरे आणि माझं ऑफिस. माणसं चांगली, पण चांगल्या माणसांनाही दिवसातून चार वेळा चहा लागतो. त्यात बाबांनी टुमणं लावलं, "नात जिथे बर्फावर घसरते ती जागा तरी दाखव. बर्फ नसला तर नसू दे." शेवटी एक दिवस सुट्टी टाकली, आईंना मुलीपाशी ठेवलं आणि बाबांना घेऊन हार्ट्सच्या डोंगरात गेले.

पावसाचा पत्ता नव्हता. कीड लागून वाळलेली स्प्रूसची झाडं डोंगरभर नुसती उभी. स्कीच्या उतारावर पिवळं गवत, आणि त्यावरून उन्हाळ्यातही चालणारी खुर्च्यांची लिफ्ट. दोघांनी मिळून वर जायचं ठरलं होतं. मी गाडी लावली आणि मला उठवेचना. "बाबा, तुम्ही पुढे होऊन तिकिटं काढा, मी आलेच," म्हणाले आणि सीट मागे टाकली. पाच मिनिटं, बस.

जाग आली ती सायरनने. चांगला सव्वा तास गेला होता. माथ्यावर पिवळट धूर, आणि बाबा कुठेच नाहीत. त्यांचा फोन गाडीतच, चार्जिंगला लावलेला. लिफ्टने माणसं खाली उतरवत होते. मी एकेक खुर्ची बघत उभी राहिले. मग रिकाम्या खुर्च्या यायला लागल्या आणि मी पोलिसांकडे धावले.

पोलीस बाईंनी विचारलं, शेवटचं कुठे पाहिलंत त्यांना? "मी त्यांना लिफ्टमध्ये बसवून दिलं," मी म्हणाले. धडधडीत खोटं. डोंगर पेटलाय, म्हातारा माणूस वर अडकलाय, आणि मला सुचली काय, तर स्वतःची अब्रू! हेलिकॉप्टर वरच्या तळ्यातून पाणी उपसून नेत होतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला की कृत्रिम बर्फ करायला बांधलेलं ते तळं. नवऱ्याला फोन लावायची माझी हिंमत होईना.

दोन तासांनी पलीकडच्या गावातल्या फॉयरवेअरच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या, ठाण्यातून निरोप आला. एक भारतीय गृहस्थ आलेत, धडधाकट आहेत. जाऊन बघते तर बाबा बाकावर बसलेले, खांद्यावर कुणाचं तरी ब्लँकेट, नाकपुड्या काळ्याकुट्ट. वर धूर दिसल्यावर लिफ्टवाल्याने सगळ्यांना रांगेत थांबवलं होतं. बाबांनी इंग्रजीत विचारलं, इथेच थांबू ना? तो म्हणाला "या, या" आणि पाठ फिरवून घाईघाईने निघाला. बाबा निघाले त्याच्या मागोमाग! तो जीपमध्ये बसून निघून गेला आणि बाबा त्याच रस्त्याने चालत पलीकडे उतरले.

"अहो बाबा, कितीदा सांगितलं होतं तुम्हाला!" मी रडत रडत त्यांच्यावरच ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

घरी आई तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. ती येतच होती. मीच म्हटलं, तू बस खाली, मला एकट्याला जाऊ दे." मी मान खाली घालून पाणी प्यायले. पुढे फोनवर सगळ्या नातेवाइकांना त्यांनी ही हकिगत सांगितली. दर वेळी त्यांचा हट्ट वाढत गेला, आणि माझं 'नको नको'सुद्धा.

आग बरेच दिवस धुमसत राहिली. हिवाळ्यात स्कीचा उतार पुन्हा सुरू झाला. मधे पांढरा पट्टा, दोन्हीकडे जळक्या काड्या, आणि ताज्या बर्फालाही करपट वास. आई-बाबा तोवर पुण्याला परतले होते. मुलगी लिफ्टने वर गेली आणि मी खालून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवून सगळा डोंगर दाखवला. शेवटी मला राहवेना.

"बाबा, त्या दिवशी मी झोपले होते."

"माहितीये," ते म्हणाले. "तिकिटं काढून आलो होतो ना मी गाडीपाशी. दोन्ही काढली होती. काच वाजवायला हातसुद्धा उचलला. मग म्हटलं, आल्यापासून पोरीला पहिल्यांदाच झोपलेली बघतोय."