दुसऱ्या पायाची तपासणी

लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढं दिवसभर उभ्यानं काम करणारे आमचे शेजारी कधी खुर्चीवर टेकत नसत. चहासुद्धा दारात उभ्यानंच. डावा पाय काळा पडलेला, घोट्याजवळची जखम कायम ओली. विचारलं की म्हणायचे, "भट्टीनं भाजलं, दुसरं काही न्हाई."

शेवटी मीच त्यांना जालन्यात सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरांनी जांघेवर यंत्र फिरवून पडद्यावर दाखवलं, "इथं शीर बंद आहे. रक्त वर चढत नाही, म्हणून जखम भरत नाही. उभं राहण्याचं काम सोडा."

 शेजारी उजवा पाय पुढं करून म्हणाले, "साहेब, ह्याची बी बघा. बराबर असंल तर मंग ह्याच्यावर भार देऊन उभा राहीन."

डॉक्टरांनी तोही तपासला. तिथंही शीर बंद व्हायला सुरुवात झालेली होती. शेजाऱ्यांना हे कसं सांगावं ते न सुचून डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.