माझी रोपं उन्हात उभी राहिली

मैत्रिणींनो, आज सकाळपासून माझ्या चेहऱ्यावरचं हसू जात नाहीये.

वटारला आमची छोटी रोपवाटिका आहे. सासूबाईंच्या रोपांना इथे नाव आहे. यंदा त्यांचे गुडघे दुखतात म्हणून वांग्याची रोपं पहिल्यांदाच मी एकटीने केली. ती बिघडली असती, तर त्यांचं नाव माझ्यामुळे गेलं असतं.

विकण्याआधी आठवडाभर आम्ही रोपांचं पाणी कमी करतो आणि त्यांना सावलीच्या जाळीखालून काढून रोज थोडं जास्त ऊन देतो. त्याने वाढ मंदावते, पण पानं जाड होतात, मुळं जोर धरतात. दुपारी रोपांनी माना टाकल्या की माझा हात झारीकडे जातो. यंदा मी तो आवरला.

पंधरा दिवसांपूर्वी फुलपाड्याचे एक काका आले. "सूनबाई, उपाशी ठेवतेस की काय यांना?" असं म्हणून त्यांनी दहाच रोपं घेतली. आणखी दहा दुसरीकडून घेतली, छान तरारलेली.

आज ते परत आले. त्यांच्या गच्चीवरच्या उन्हात ती तरारलेली रोपं दोन दिवसांत करपली होती. आमची दहाही उभी होती.

बाजूला बसलेल्या सासूबाईंना ते म्हणाले, "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

सासूबाई म्हणाल्या, "माझा हात नाय लागला. पानी तिनं तोडलं, ऊन तिनं दाखवलं. रोपं माझ्या सुनेची हायत."

काकांनी आज मागितलेली नवी वीस रोपं मोजताना मी दोनदा चुकले.

तुमच्या कामाला असं चारचौघांत तुमचं नाव कुणी दिलं होतं?