दुसरं बोलावणं

कुंभार पिंपळगावचा बद्रीनाथ माझ्याच वयाचा. आमच्या भागात पहिल्या आग्रहाला 'नको' म्हणायची रीतच आहे, पण बद्रीनाथ ती जरा जास्तच पाळायचा. चहा विचारला की "आत्ताच घेतला" म्हणायचा आणि दुसऱ्यांदा विचारलं की मांडी घालून बसायचा. त्याची बायको उषाबाई म्हणायची, "लग्नात माझ्या बापानं एकदाच 'जेवा' म्हणलं असतं, तर हे उपाशीच उठले असते."

१९९२ साली नागपूरला मोसंबी बागायतदारांची परिषद भरणार होती. बद्रीनाथची बाग पाहून गेलेल्या एका कृषी अधिकाऱ्यानं त्याचं नाव सुचवलं. बहारासाठी झाडांचं पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं, यावर त्यानं बोलावं, असं पत्र आलं. येणार असल्यास लेखी कळवा, असं खाली होतं. पत्र घेऊन तो माझ्याकडे आला.

मी लिहायला घेतलं, 'मी अवश्य येत आहे.'

"अवश्य नका लिहू, गुरुजी. लोक म्हणतील, टपूनच बसला व्हता."

"मग काय लिहू?"

"लिहा, बागेतून सवड झाली तर बघू."

"अरे, त्यांना माणसं आधी ठरवावी लागतात. ते काय सोयऱ्याचं घर आहे?"

"ज्याला गरज हाये तो पुन्हा इचारतोच. मंग म्हणू की, येतो."

"पण तुला जायचंय ना?"

तो हसला. "जायचं तर बिलकुल हाये."

पत्र त्याचं होतं. त्याच्याच शब्दांत गेलं.

उषाबाईनं कोरं धोतर काढून ठेवलं. एका संध्याकाळी मी बागेत गेलो, तर हा झाडांपुढं उभा राहून भाषण म्हणत होता. "पानं मलूल झाली की लगेच पाणी सोडायचं न्हाई. आन् लई वाट बी बघायची न्हाई." मला बघून लाजला. मी 'म्हण की' म्हटलं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं. छान बोलला.

पोस्टमन दिसला की तो बांधावर येऊन थांबायचा. परिषदेच्या तोंडावर छापील पत्र आलं. आपलं येणं निश्चित नसल्यानं दुसऱ्या वक्त्यांची योजना केली आहे, क्षमस्व. मी वाचून दाखवलं.

"पुन्हा इचारलं न्हाई त्यांनी," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या एका लग्नात तो माझ्या शेजारी पंगतीला बसला होता. अंगावर तेच कोरं धोतर. वाढप्यांतला गावचाच पोरगा अप्पाराव बुंदी वाढत आला.

"वाढू का, काका?"

"वाढ."

अप्पारावच्या कानात ते शिरलंच नाही. तो नेहमीसारखा आग्रह करू लागला, "आता न्हाई म्हणू नका, थोडी तरी घ्या."

"वाढ म्हणलं ना," बद्रीनाथ पत्रावळीकडे बघत म्हणाला.

पंगत हसली. वाढायला उभी असलेली उषाबाई मात्र हसली नाही.