न पाहिलेला चेंडू

ते पत्रक मीच लिहिलेलं. पिवळ्या कागदाच्या दोन्ही बाजू भरून, मथळ्याला तीन उद्गारचिन्हं. मागणी साधी होती: मुलींच्या बेसबॉल सामन्यांना प्रशिक्षित पंच द्या. कारणही साधं होतं. कॉलेजात असताना आमचा डोंबिवलीचा संघ उपांत्य सामन्यात हरला, कारण पहिल्या बेसवरचा पंच फोनमध्ये बघत होता आणि मान वर करून त्याने आमच्या मुलीला आउट दिलं. ती चेंडूच्या दोन पावलं आधी बेसवर पोचलेली. मी मैदानावर होते, मी पाहिलेलं. कुणीही ऐकलं नाही.

पुढे मी मैदानं वाचवायच्या कामात पडले. झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आमच्या बैठका व्हायच्या. पत्रक कसं लिहायचं ते तिथल्या जुन्या कार्यकर्त्याने शिकवलं: पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत पुरावा, तिसरीत मागणी, चौथी ओळ कुणी वाचत नाही. या पत्रकाची माझी पहिली ओळ होती: 'न पाहिलेल्या चेंडूवर निर्णय देणारा पंच चोर आहे.'

ठाण्यात जिल्हा स्पर्धा होती. गेटवर उभी राहून मी पत्रकं वाटत होते. बहुतेकांनी घेऊन घडी घातली, काहींनी घडी न घालताच टाकली. एक सत्तरीचे गृहस्थ मात्र पांढरी पॅन्ट, डोक्यावर टोपी, उन्हात उभं राहून दोन्ही बाजू वाचत राहिले. नंतर कळलं, जिल्ह्यातले निम्मे पंच त्यांनी घडवलेले. शाळेत पीटीचे शिक्षक होते, नौपाड्यात राहायचे.

"मजकूर चांगला आहे," ते म्हणाले. "मागणीही रास्त आहे. मग रविवारी सकाळी या."

"कुठे?"

"प्रशिक्षणाला. पंच हवेत असं तुम्हीच लिहिलंय ना? आवाज आहे तुम्हाला, मघापासून ऐकतोय. जिल्ह्यात बाई पंच एकही नाही. की नुसतं वाटायला आलात?"

रागच आला मला. त्या रागातच मी गेले.

नियम लवकर पाठ झाले. कुठे उभं राहायचं, किती वाकायचं, बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या खांद्यावरून डोकं कसं ठेवायचं, सगळं आलं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बॅटरसमोर जमिनीत एक पांढरी पाचकोनी पाटी असते. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत चेंडू गेला तर तो स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चार बॉल झाले की ती फुकटात पहिल्या बेसवर. हे कोण ठरवणार, तर कॅचरच्या मागे मास्क लावून वाकलेला पंच. फक्त तोच. तिथे व्हिडिओ नाही, तिसरा पंच नाही.

माझा आवाज तर सगळ्यांच्या चर्चेचा विषय झाला. "तू स्ट्राइक म्हणालीस की कळव्याचे लोक उभे राहतात," सर म्हणायचे. एव्हाना ते 'अहो' वरून 'अगं' वर आलेले.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी फोन बाजूच्या जाळीला बांधला आणि माझ्या चेहऱ्याचं शूटिंग केलं, संथ गतीने दिसेल असं. वीस चेंडू झाले. मग सावलीत बसून मला दाखवलं. बॅट हलली की माझे डोळे मिटत होते. घट्ट. लहान मूल औषध पिताना मिटतं तसे.

"चौदा," सर म्हणाले. "वीसपैकी चौदा चेंडू तू पाहिलेच नाहीस. आणि निर्णय देताना एकदाही अडखळली नाहीस."

ही शाबासकी नव्हती, हे मला कळत होतं. तरी मी वाद घातलाच. "पण सर, चेंडू ग्लव्हमध्ये कुठे आला ते दिसतं ना. त्यावरून कळतं."

"ग्लव्ह खोटं बोलतं. चांगली कॅचर बाहेरचा चेंडू पकडता पकडता आत ओढून घेते. ज्याने डोळे मिटले त्याला ती दाखवेल तेवढंच दिसतं."

त्या दिवशी रिक्षात मी पत्रकाची एक प्रत पर्समधून काढली. माझीच पहिली ओळ वाचली आणि परत आत ठेवली. पुढे जेवताना, बैठकीत, भर घोषणेतसुद्धा ती ओळ मला ऐकू यायची. लोक माझ्याकडे बघून म्हणत, काय ठाम मुलगी आहे. मला वाटे, यांना कुणी तो व्हिडिओ दाखवला तर?

सरांनी सराव सांगितला. टेनिस बॉलवर आकडे लिहायचे, कुणीतरी जवळून तोंडावर फेकायचे, मी मास्क लावून आकडा ओळखायचा. कुणीतरी म्हणजे आई. आई पोळीभाजी केंद्रात रोज पोळ्या लाटते, तिच्या मनगटाचा वेग मी लहानपणापासून ओळखून आहे. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती पदर खोचून उभी राहायची आणि पिशवीतून एकेक बॉल काढायची.

"बोल."

"सात."

"सात म्हणे! चार होता. ठोकून देतेस नुसतं."

"फिरत होता गं तो."

"पोलिसांच्या गाडीपुढे आडवी पडलीस तेव्हा बरे डोळे उघडे होते तुझे. टकामका बघत होतीस."

"ती गाडी थांबलेली होती, आई."

वरून दुसऱ्या मजल्यावरचे काका ओरडायचे, "वहिनी, पोरीला मारताय कशाला?" आई बॉल फेकता फेकताच उत्तर द्यायची, "तिनंच सांगितलंय, भावजी! हौस आहे!"

हळूहळू आकडे दिसू लागले. दहातले आठ, मग नऊ. पण ते टेनिस बॉल होते आणि फेकणारी आई होती.

परीक्षा कल्याणला होती. लेखी मी पास झालेले. आता एक पूर्ण सामना पाटीमागे उभं राहायचं, आणि बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले परीक्षक खुर्चीत बसून गुण देणार. पास झाले तर जिल्ह्याच्या पंचांच्या यादीत, नाहीतर वर्षभर थांबायचं. आणि वर्षभर ऐकून घ्यायचं.

ऐकवायला माणूस हजर होताच. पहिल्या बेसवर पंच म्हणून तोच उभा होता, फोनवाला. त्याने मला बघितलं आणि खिशातून पिवळा कागद काढून हलवला. जपून ठेवलेला त्याने.

"या पत्रकवाल्या ताई! नापास झालात तर हे सगळं परत गोळा करणार का?"

मला कपडे बदलायचे होते आणि मैदानावर बायकांसाठी एक खोली नव्हती, संडास तर नव्हताच. पाण्याच्या टँकरमागे उभं राहून मी छातीचा पॅड बांधला. तो पुरुषी मापाचा. आईने त्याला जुन्या परकराच्या नाड्या शिवून दिलेल्या. मैदानात आदल्या लग्नाच्या मांडवाचे खिळे तसेच रुतलेले होते, ते आम्ही दोन्ही संघांच्या मुलींबरोबर वेचले. याच्यावरही पत्रक काढणार होते मी. त्या क्षणी मात्र नाडीची गाठ बसत नव्हती.

एक संघ घोडबंदर रोडवरच्या शाळेचा, सगळ्यांचे बूट एकाच रंगाचे. दुसरा कल्याणच्या पालिकेच्या शाळेचा. डाव बदलला की त्या मुली ग्लव्ह एकमेकींना द्यायच्या. माझं मन कुणाकडे होतं ते सांगायला नको. पण स्ट्राइकची चौकट मी दोन्ही संघांना सारखीच ठेवली, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते.

पहिले दोन डाव मी सगळं पाहिलं. चेंडूची शिवण दिसत होती. तिसऱ्या डावात चेंडू बॅटच्या कडेला लागून थेट माझ्या मास्कवर आला. स्टीलच्या डब्यावर वरवंटा पडावा तसा आवाज झाला. लागलं काहीच नाही. कॅचर वळून म्हणाली, "मॅम, ओके?" मी अंगठा दाखवला.

आणि पुढच्या चेंडूला डोळे मिटले.

त्याच्या पुढच्याला उघडे राहिले. मग परत मिटले. मी स्वतःला शिव्या देत होते, आकडे आठवत होते, आईचं 'बोल' आठवत होते. काही उपयोग नाही. बॅट हलली की अंधार. घामाने मास्कचं चामडं गालाला चिकटलेलं. जो चेंडू हुकला त्याला मी ग्लव्ह बघून निर्णय देत होते, मोठ्याने, अजिबात न अडखळता. परीक्षक लिहीत होते. सर झाडाखाली हाताची घडी घालून उभे होते. त्यांना कळतंय का? इतक्या लांबून, मास्कच्या आत, कसं कळणार? हाच विचार मी प्रत्येक चेंडूनंतर करत होते. चोराने करावा तसा.

शेवटचा डाव. पालिकेचा संघ एका धावेने मागे, तिसऱ्या बेसवर त्यांची धावपटू, दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की डाव संपणार. बॅटिंगला वेणीला चिकटपट्टी गुंडाळलेली एक बारकी मुलगी. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल झाला तर ती फुकटात बेसवर आणि खेळ चालू. स्ट्राइक झाला तर सामना संपला.

चेंडू फेकणाऱ्या पिचरने हात फिरवला. बॅट किंचित हलली आणि थांबली.

अंधार.

थप्प. डोळे उघडले तेव्हा ग्लव्ह माझ्यासमोर होतं, बरोबर पाटीच्या वर, दगडासारखं स्थिर. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

"स्ट्राइक थ्री!"

एवढा मोठा आवाज मी मोर्चातही लावलेला नाही. घोडबंदरच्या मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारायला लागल्या. वेणीवाली तिथेच उभी. रडली नाही, भांडलीही नाही.

"ताई, होता?"

"होता," मी म्हटलं.

परीक्षकांनी मला बोलावलं, कागद दाखवला. आवाज उत्तम. ठामपणा उत्तम. हालचाल चांगली. खाली सहीची जागा रिकामी. "अभिनंदन. सही करतो, पेन बघू जरा," म्हणून ते पिशवीत चाचपू लागले. तेवढ्यात पहिल्या बेसवरचा तो आला, टोपी काढून घाम पुसत. या वेळी टोमणा नव्हता.

"काय कडक दिलात शेवटचा! मानलं तुम्हाला."

मी मास्कची पट्टी सोडत होते.

"अहो, मला कळतं. इतकी वर्षं करतोय. सगळंच काही दिसत नसतं, ताई. तेव्हा आवाज लावायचा, बस. आमच्यातल्याच झालात तुम्ही." आणि हसून त्याने तो पिवळा कागद माझ्या हातात दिला. "हे ठेवा आता तुमच्याकडेच."

तो मनापासून बोलला. माझा अपमान करायचा असता तर मी त्याला सोडला नसता. त्याने मला जागा करून दिली, आपल्या शेजारी.

मी परीक्षकांकडे वळले. "सही करू नका."

"का? झालं काय?"

"शेवटचा चेंडू मी पाहिला नाही. डोळे मिटलेले माझे. त्याच्या आधीचेही काही."

त्यांना आत्ताच पेन सापडलं होतं. "मग सांगता कशाला आता? झालं ना सगळं."

"निकाल बदला."

"तो कसा बदलणार? पंचाचा निर्णय अंतिम. लेखी परीक्षेत तुम्हीच लिहिलंय." ते वैतागले. "स्वतःला नापास करायचं असेल तर करतो बाई. पण कारण तुमच्या हाताने लिहा, उगाच माझ्यावर यायचं."

मागे सर साहित्याची पिशवी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण गाठ मारता मारता हात थांबलेले मला दिसले.

मी लिहिलं: 'चेंडू पाहिला नाही, तरी निर्णय दिला.' आजवर इतकी पत्रकं लिहिली, त्यांच्याखाली नेहमी समितीचं नाव असायचं. याच्याखाली माझं लिहिलं. हस्ताक्षर इतकं वाईट आलं की परीक्षकांनी दोनदा वाचलं.

मग मी गेटकडे पळाले, पॅड बांधलेला तसाच. पालिकेच्या मुली टेम्पोत चढत होत्या. वेणीवाली सगळ्यात शेवटी, ग्लव्हची पिशवी छातीशी धरून.

"अगं, थांब. शेवटचा चेंडू मी पाहिलाच नव्हता. मी तुला खोटं सांगितलं. आता निकाल बदलत नाहीये, मी विचारलं, पण—"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. गालावर मास्कचे वळ होते माझ्या, ते बघत असावी.

"बाहेर होता तो," ती म्हणाली. "मी बघितलेला, म्हणून तर सोडला."

खरं असेल. हरलेली मुलगी म्हणेल तसंही असेल. तिला हो किंवा नाही म्हणायचा अधिकार त्या मैदानावर एकाच माणसाला होता, आणि त्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली, आणि टेम्पोत चढली.