कोरडं लाळेरं

वालूरच्या बाजारगल्लीत हल्ली अशी बातमी आहे, की किराणावाल्या भागम्मानं नातवाच्या तोंडची लाळ परभणीच्या दवाखान्यात विकली. सकाळी ती लाळ एक शिशी होती, दुपारी पाण्याला निघालेल्या बायकांनी तिची बाटली केली आणि सांजेला चहाच्या टपरीवर तिचा कॅन झाला. गल्लीच्या हाती बातमी द्यावी आणि मापाची आशा सोडावी. खरं एवढंच, की दवाखान्यात एक सिस्टर आजारी लेकरांची लाळ तपासायला घेत होती आणि भागम्मा तिला घे म्हणाली. विकणं नाही, पैसा नाही, आणि लाळ तर नाहीच नाही.

ज्यांनी भागम्मा पाहिली नाही त्यांना सांगायचं तर, तिच्या दुकानातली मिरची फिकी आणि जीभ झणझणीत. कपाळाला आडवं भस्म, गळ्यात लिंग, हातात तराजू. नवरा अण्णारावही दुकानातच असतो. गुळाची ढेप, शेंगदाण्याचं पोतं आणि अण्णाराव, तिघंही आपापल्या जागी गप. एकदा कुणी तक्रार घेऊन आलं, "मावशी, तुमचा साबण लय झिजायलाय." भागम्मा म्हणाली, "मग अंगाला लावू नको बाबा, नुसता दाखवत जा."

अशा बाईला गल्लीनं निरुत्तर केलं ते लाळेवरून.

मुलगा वैभव पुण्याला कंपनीत, म्हणून सून शिवरंजनी सासू-सासऱ्याजवळ. पहिलटकरीण. ऐन जेठात तिला टहाळ खावासा वाटला. हिरवागार, घाट्यांनी लगडलेला हरभऱ्याचा टहाळ. आता जेठात टहाळ कुठला? शेतं नांगरून उन्हात पडलेली. भागम्मा म्हणाली, "पोरी, आंबा माग, जांभळं माग. टहाळ म्हादेवानं मागितला तरी आता मिळायचा न्हाई." सून हसली, गोष्ट तिथंच मिटली. दसऱ्याच्या मागंपुढं नातू झाला. नाव विरूपाक्ष ठेवलं, घरात विरू. संक्रांत झाली आणि विरूची लाळ गळायला लागली. गळायला म्हणजे केवढी, तर दोरीवर लाळेऱ्यांचं तोरणच लागलं.

आता लाळ गळणारं लेकरू दिसलं की बायका त्याच्या तोंडाकडं कमी आणि आईच्या पोटाकडं जास्त बघतात. कोणता डोहाळा अर्धा राहिला, हा पहिला सवाल. शेजारच्या नर्मदाबाईनं दोरी पाहून शिवरंजनीला तोच विचारला, आणि त्या भाबडीनं सांगून टाकलं, टहाळ. झालं! दिवेलागणीपर्यंत गल्लीभर एकच, पोत्यानं हरभरा विकणारीनं सुनेला मूठभर दिला नाही.

"अगं, जेठात टहाळ असतो का?" भागम्मा गल्ल्यावरून ओरडायची.

"आसल, नसल," नर्मदाबाई लाह्या चघळत म्हणायची, "पर तुमची माया लेकराच्या हनुवटीवरनं गळायलीय, ती सगळ्यांना दिसायलीय."

गिऱ्हाईक हसायचं. भागम्मा तराजूचा काटा उगीच बोटानं हलवत बसायची. कारण मनातून तिलाही ते पटलं होतं. शोधला असता तर कुठंतरी मिळाला असता का? सेलूला? कुणाच्या तरी पाण्याखालच्या वाफ्यात? ती लाळेरी आता स्वतः धुवायची आणि दोरीवर नाही, दुकानामागं पोत्यांवर वाळत घालायची. विरूला घेऊन दारात उभी राहिली तरी त्याची हनुवटी पदराखाली.

इलाज सगळ्यांनाच ठाऊक असतो. राहिलेली जिन्नस लेकराच्या ओठाला लावायची. माघात बाजारात टहाळ आला तशी भागम्मानं जुड्या उलट्यापालट्या करून सगळ्यात कवळी जुडी आणली, अंगणात भाजून हुळा केला, दाणा दुधात कुस्करला आणि बोटाच्या टोकावर घेऊन विरूला चाटवला. विरूनं असं तोंड केलं, की अण्णाराव मोठ्यानं हसला. त्या घरात तो आवाज पुष्कळांना नवा होता.

त्यानंतर विरूला उलटी झाली. मग पातळ शी, पुन्हा पातळ शी. "दाताची हगवण हाय," भागम्मा म्हणाली. "दात येताना होतीच." शिवरंजनी दुपटी बदलत राहिली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागम्मानं लाळेऱ्याला हात लावला तर ते कोरडं. तिनं उलटं करून पाहिलं. गालाला लावून पाहिलं. कोरडं ठणठणीत!

मग काय विचारता. दुकानातल्या पोत्यातली साखर परातीत ओतली, लाळेरं खांद्यावर टाकलं आणि भागम्मा दारोदार निघाली. "हात लावून बघा. बघा की! थांबली लाळ." ज्या हातांनी आजवर चिमूटभर जास्त दिलं नव्हतं, ते मुठीनं साखर वाटत होते. नर्मदाबाईनं लाळेरं चाचपलं, साखर तोंडात टाकली आणि म्हणाली, "जिकलीस बाई. भागम्मानं फुकट साखर द्यावी, म्हणजे लेकरू देवाचंच म्हणायचं."

परात रिकामी करून ती घरी आली तेव्हा शिवरंजनी उंबऱ्यातच बसलेली. "आत्याबाई, हे अंगावर ओढीना. डोळे बगा कसे आत गेलेत."

"झोपू दे त्याला. लाळ गाळून गाळून दमलंय."

"रडायलंय, पर डोळ्याला पाणी न्हाई."

"मग बरंच हाय की," भागम्मा म्हणाली. तिच्या कानात अजून गल्लीच होती.

अण्णारावानं विरूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यानं दुकानाचं शटर ओढलं, जीप बोलावली आणि एवढंच म्हणाला, "परभणी."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आधीच भागम्मानं टहाळाचं सांगून टाकलं. ते म्हणाले, हरभऱ्याचं काही नाही, या थंडीत पोटाच्या विषाणूची साथच आहे, वॉर्ड भरलाय. पण अंगातलं पाणी फार गेलंय. मग ते विरूच्या हातावर, पायावर, कपाळावर शीर शोधत राहिले आणि शीर सापडेना.

निकिता सिस्टर आली ती तेव्हा. हातात टोकाला स्पंज लावलेली बारीक काडी आणि एक नळी. "आजी, आम्ही लेकरांची लाळ तपासतोय. या आजारात लाळेत काही खुणा उमटतात का, त्यावरून आजार किती जोरात हाय ते लवकर कळतंय का, ते बघायचंय. जमलं तर पुढं लेकरांना रक्तासाठी टोचायला लागणार नाही. घेऊ का?"

"घे की. पर आता लाळ न्हाई त्याला," भागम्मा म्हणाली, आणि तिथंही तिच्या आवाजात जरासा तोरा होता. "मी थांबवली."

निकितानं काडी विरूच्या गालात धरली. बराच वेळ धरली. बाहेर काढली तेव्हा स्पंज गेला तसाच पांढरा आणि कोरडा आला, जिभेला चिकटून सुटला तेवढंच.

"आजी," ती हळूच म्हणाली, "थांबली न्हाई. आटली."

भागम्मा जन्मभर वालूरचं पाणी प्यालेली बाई. आटणं म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "अजून एकदा घाल. त्या बाजूनं घाल. येईल." निकितानं घातली. नाही आली. भागम्मानं पिशवीतून लाळेरं काढलं, विरूच्या गळ्यात बांधलं, आणि त्याच्या हनुवटीखाली हाताची ओंजळ धरून बसली. "गळू दे राजा. कितीबी गळू दे. समद्या गावासमोर गळू दे, मी काय बी म्हणायची न्हाई."

मागून एस.टी.नं डबा घेऊन आलेल्या नर्मदाबाईनं दारातून काडी, नळी आणि ती ओंजळ तेवढी पाहिली. बाकीचं गल्लीनं भरलं.

शीर शेवटी सापडली, सलाईन लागलं. पण दिवस मावळायच्या आत विरू गेला. मठामागच्या जागेत त्याला मातीत ठेवलं. शिवरंजनी पिंगळीला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. वैभव फोन करतो तेव्हा अण्णाराव "हूं" म्हणतो आणि फोन भागम्माकडं धरतो, आणि ती पीठ मळल्याचं निमित्त करते. दुकान उघडतं, मिरची विकली जाते. कुणी साखर मागितली की मात्र अण्णाराव उठतो. ती त्या पोत्याकडं जात नाही.

निकिता सिस्टर मागल्या आठवड्यात वालूरच्या अंगणवाडीत बायकांना समजावून सांगायला आली. लाळविक्रीची बातमी ऐकून आलेल्या बायका लेकरांच्या तोंडावर पदर घट्ट धरून बसलेल्या. भागम्मा बोलवलं नसताना आली आणि दाराशी बसली. निकिता सांगत होती, तोंड कोरडं पडलं, रडताना पाणी येईना, लघवी कमी झाली, तर एक घडीही थांबू नका. आणि हा अभ्यास तडीस गेला तर कधीतरी नुसत्या लाळेवरून आधीच कळेल की लेकरू किती आजारी आहे.

नर्मदाबाईला राहवलं नाही. वाईट हेतूनं नव्हे, सांत्वनच करायचं होतं बिचारीला. "ऐकलंस का भागम्मा? आपुन अडाणी. आपल्याला कुठलं लाळेवरनं काय कळायलंय!"

भागम्मानं पदर सावरला.

"मला कळलं व्हतं की. म्हणून तर साखर वाटली."